ग्रामकुक्कुट व राजदंड

१

घराच्या परसांत कोंबड्या बाळगाव्या कीं नाहींत, हा प्रश्न इतिहाससंशोधनाच्या दृष्टीनें क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. तहनामे, सनदा, करीने व वंशावळी यांत गढलेल्या अभ्यासकास खुराड्याकडे पाहण्यास फुरसत कोठून असणार? तथापि समाजांत कोणी कोणाच्या शेजारीं राहावें, कोणत्या वस्तूस मालमत्ता म्हणावें, आणि घरधन्याची सत्ता संपून शेजाऱ्याचा हक्क कोठें सुरू होतो, या मोठ्या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां असल्या क्षुद्र विषयांच्या नियमांतच स्पष्ट उमटलेलीं असतात.

शिवाय या विषयाबद्दल एक समजूत आपल्याकडे दृढ आहे. ती अशी कीं, कोंबडी पाळणें धर्मशास्त्रानें निषिद्ध ठरविलें असून, अमुक आळींत कोंबडी नसावी या आग्रहास शास्त्राचा आधार आहे. या समजुतीच्या जोरावर भाडेकऱ्यास घर नाकारण्यापर्यंत मजल जाते. म्हणून मूळ ग्रंथांत काय आहे व काय नाहीं, हें एकदां नीट तपासून पाहणें अवश्य आहे. तपासतांना तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: कोंबडीचें भक्षण, कोंबडीचें सान्निध्य आणि कोंबडीचें पालन. या तिहींची गल्लत झाल्यानेंच उपरिनिर्दिष्ट समजूत वाढली, असें आमचें मत आहे.

२

प्रथम भक्षणाचा विचार करूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अभक्ष्य पक्ष्यांच्या यादींत ग्रामकुक्कुट आहे. आणि त्याच अध्यायांत पुढें छत्राक, विड्वराह, लसूण, कांदा व गाजर यांच्या पंक्तीस तो पुनः बसविला असून, जाणूनबुजून तो खाणारा द्विज पतित होतो असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्याच्या आचाराध्यायांतही ग्रामकुक्कुटाचा निषेध याच सोबत्यांसह आलेला आहे. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक, निषेध द्विजाच्या आहारापुरता आहे. दुसरी, ‘ग्राम’ हें विशेषण. निषेध सरसकट कुक्कुटाचा असता तर हें विशेषण व्यर्थ झालें असतें. म्हणजे रानांतील कोंबडा या वाक्याच्या कक्षेबाहेर राहतो.

गांवांतल्या पाखराविषयीं हा दुजाभाव कां? याचें उत्तर आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत सूचित आहे. तेथें पक्ष्यांची विभागणी त्यांच्या खाण्याच्या रीतीवरून केली असून, पायांनीं उकरून खाणाऱ्या ‘विकिर’ पक्ष्यांपैकीं कुक्कुट वर्ज्य म्हटला आहे. मनूच्या यादींतला विड्वराह म्हणजे विष्ठा खाणारें गांवठी डुक्कर. त्याच्या जोडीस उकिरडा उकरणारी गांवठी कोंबडी ठेवली, यांतच निषेधाचें बीज आहे. दोष पक्ष्याच्या जातींत नसून त्याच्या उकिरड्यांत आहे.

आतां सान्निध्य. मनूच्या तिसऱ्या अध्यायांतील श्राद्धप्रकरणांत, ब्राह्मण भोजन करीत असतां चांडाळ, वराह, कुक्कुट, श्वान, रजस्वला व षंढ यांनीं त्यांना पाहूं नये असें म्हणून, डुकराच्या हुंगण्यानें व कोंबड्याच्या पंखांच्या वाऱ्यानें कर्म नष्ट होतें असें सांगितलें आहे. मनुष्यें व पशुपक्षी यांस एका माळेंत ओंवणारें हें वचन आज वाचतांना खटकतें, व खटकावें हेंच योग्य. परंतु इतिहासकारास त्यांतून एक साक्ष मिळते. ज्या अंगणांत कोंबडें फिरकतच नाहीं, त्या अंगणांतील पानावर त्याच्या पंखांचा वारा येऊं नये असा नियम करण्याचें प्रयोजनच पडत नाहीं. निषेध हा पुष्कळदां अस्तित्वाचा पुरावा असतो. श्राद्धाचा दिवस सोडून इतर दिवशीं तें पाखरू अंगणांत असे. निदान शेजारच्या परसांतून उडून येण्याइतकें जवळ असे.

याच्या उलट बाजूची साक्षही विपुल आहे. स्कंद कार्तिकेयाच्या ध्वजावर कुक्कुट आहे. अयोध्येच्या प्राचीन नाण्यांच्या एका प्रकारांत एका बाजूस बैल व दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडाजवळ कोंबडा आहे, हें नाणेसंग्राहकांस सांगावयास नको. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत कुक्कुटाच्या शुभाशुभ लक्षणांस स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. ज्या पक्ष्याचीं सुलक्षणें राजास हितकर मानून ग्रंथांत लिहिलीं, तो पक्षी पाळणेंच निषिद्ध होतें असें म्हणणें विसंगत होईल.

३

कोंबडी पाळण्यावरच स्पष्ट बंदी घालणारा प्राचीन विधि पाहावयाचा असेल तर तो भारताबाहेर, यरुशलेम नगरींत सांपडतो. कोंकणांतील बेने-इस्राएल समाजामुळें महाराष्ट्रास जवळून परिचित असलेल्या यहुदी धर्माचा ‘मिश्ना’ हा विधिसंग्रह इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्याच्या ‘बाबा कम्मा’ या प्रकरणांत, यरुशलेमांत कोंबड्या पाळूं नयेत असें सांगितलें असून, कारण दिलें आहे तें देवालयाच्या पवित्र बलिद्रव्यांचें. पुरोहितवर्गानें तर इस्राएलाच्या सबंध भूमींतच कोंबड्या पाळूं नयेत, कारण त्यांच्या अन्नास शुद्धि राखावी लागे. कोंबडी उकिरडा उकरून मेलेल्या सरपटणाऱ्या जीवांचे तुकडे चोंचींतून आणते व त्यांच्या स्पर्शानें पवित्र वस्तु विटाळते, ही भीति त्या नियमाच्या मुळाशीं आहे.

आपस्तंबाचा ‘विकिर’ आणि मिश्नाची ही कोंबडी यांत संबंध जोडण्याचें कारण नाहीं. परंतु दोन दूरच्या समाजांतील शास्त्रकारांचें लक्ष एकाच पायाच्या नखावर जावें, ही गोष्ट मनोरंजक आहे. भेद असा कीं, आपल्या सूत्रकारांनीं पाखरास पानावरून उठविलें, तर यहुदी शास्त्रकारांनीं तें नगरांतूनच उठविलें.

पण खरोखर उठविलें काय? ‘एदुयोत’ या प्रकरणांत, एका कोंबड्यानें माणसाचा जीव घेतल्यामुळें त्यास यरुशलेमांत दगडांनीं मारल्याची साक्ष नोंदलेली आहे. ख्रिस्ती शुभवर्तमानांतही पेत्रानें येशूस नाकारल्याच्या रात्रीं त्याच नगरींत कोंबडा आरवल्याची कथा आहे. यावरून ही बंदी कितपत पाळली जात होती, याविषयीं विद्वानांत वाद झालेला आहे. आमच्यापुरता बोध एवढाच कीं, ग्रंथांतील नियम म्हणजे गल्लींतील वस्तुस्थिति नव्हे. कोंबडें झांकून ठेवलें तरी उजाडायचें राहत नाहीं, आणि नगरींतून घालविलें तरी पुराव्यांतून आरवायचें राहत नाहीं.

त्याच मिश्नांत परसांतील कोंबड्यांविषयीं एक सूक्ष्म विधि आहे. दुसऱ्याच्या अंगणांत जनावर बांधलें, चूल मांडली, जातें ठेवलें, कोंबड्या वाढविल्या किंवा खत टाकलें, तरी तेवढ्यानें त्या जागेवर वहिवाटीचा हक्क येत नाहीं. मात्र जनावरासाठीं दहा मुठी उंचीची भिंत घातली, किंवा कोंबड्या घराच्या आंत नेल्या, तर येतो. शेजारधर्मानें सोसलेली गोष्ट व हक्कानें भोगलेली गोष्ट यांतील हा फरक आहे. वतनाच्या तंट्यांत वहिवाटीचे पुरावे शोधणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांस त्याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

४

आतां पालनाकडे, म्हणजे मालकीकडे वळूं. येथें धर्मसूत्रांपेक्षां कौटिलीय अर्थशास्त्र अधिक बोलकें आहे. या ग्रंथाची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं येऊन १९०९ सालीं ग्रंथ छापला गेला. पुढें र. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळांत त्याची चिकित्सक आवृत्ति, भाषांतर व विवेचन तीन भागांत सिद्ध केलें.

चौथ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायांत, ठराविक किंमतीच्या आंतील कुक्कुट, मुंगूस, मांजर, कुत्रा व डुक्कर यांची चोरी किंवा हिंसा करणाऱ्यास चौपन्न पण दंड, अथवा नाकाचा शेंडा कापणें, अशी शिक्षा सांगितली आहे. चोरीचा दंड सांगावयाचा तर आधीं मालकी मानली पाहिजे. या एका वाक्यानें कोंबडी राजाच्या न्यायसभेंत मालमत्ता म्हणून उभी राहते. तिचे सोबतीही पाहण्यासारखे आहेत: मुंगूस सापासाठीं, मांजर उंदरांसाठीं, कुत्रा राखणीसाठीं. हीं सर्व घरांत व घराभोंवतीं वावरणारीं जनावरें आहेत. म्हणजे कौटिल्यापुढें येथें परस आहे, रान नाहीं.

याच वाक्याला जोडून चांडाळ व अरण्यचर यांच्याविषयीं अर्धा दंड सांगितला आहे. मूळांतील षष्ठी विभक्तीचे दोन अर्थ संभवतात. अपराधी चांडाळ किंवा अरण्यचर असेल तर त्यास अर्धा दंड, हा एक. आणि चोरलेलें जनावर त्यांचें असेल तर चोरास अर्धा दंड, हा दुसरा. दोन अर्थांतील अंतर लहान नाहीं. पहिल्यांत गरिबास सूट मिळते, तर दुसऱ्यांत गरिबाची कोंबडी निम्म्या मोलाची ठरते. आमचा कल पहिल्या अर्थाकडे आहे. कारण त्याच अध्यायाच्या शेवटीं, अपराधी पुरुष कोण, अपराध कोणता, कारण काय, गुरुलाघव किती आणि देशकाल कसा, हें पाहून दंडाची उत्तम, मध्यम वा कनिष्ठ पायरी ठरवावी असें तत्त्व सांगितलें आहे. आणि तें अपराध्याच्या स्थितीकडे बोट दाखवितें.

मनूकडे आलें म्हणजे कोंबडी पुनः दिसेनाशी होते. आठव्या अध्यायांत पशुहिंसेचे दंड आहेत: क्षुद्र पशूंबद्दल दोनशें, शुभ मृगपक्ष्यांबद्दल पन्नास, गाढव, शेळी व मेंढी यांबद्दल पांच माष, आणि कुत्रा व डुक्कर यांबद्दल एक माष. कोंबडीस या सोपानांत नांवानें पायरी नाहीं. तिसऱ्या अध्यायांत वराह व श्वान यांच्या जोडीनें उभी केलेली कोंबडी दंडप्रकरणांत त्यांच्या जोडीसही नाहीं.

सम्राट् अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखाची साक्ष याहून निराळी आहे. राज्याभिषेकास २६ वर्षें झालीं असतां काढलेल्या या आज्ञेंत अवध्य प्राण्यांची लांब यादी आहे. तींत पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस हे आहेत. पांढरें कबूतर व ‘गामकपोत’ म्हणजे गांवठी पारवाही आहे. कुक्कुट मात्र त्या यादींत नाहीं. त्याचें नांव पुढें येतें तें निराळ्या कलमांत, कोंबड्याचा खच्ची ‘वधिकुक्कुट’ करूं नये, असें. यावरून दोन अनुमानें सरळ निघतात. कोंबडें खाण्याची चाल इतकी रूढ होती कीं अशोकानेंही तें अवध्य ठरविलें नाहीं. आणि मांस वाढविण्यासाठीं कोंबडा खच्ची करण्याइतकें कुक्कुटपालन पुढें गेलेलें होतें. पाळण्याच्या रीतीवर घातलेला राजनिर्बंध म्हणून हें कलम आपल्या विषयांत अग्रस्थानीं ठेवण्यास योग्य आहे.

मालकीचा प्रश्न रोमन विधिवेत्त्यांनीं तर्कानें सोडविला. इ. स. ५३३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जस्टिनियन बादशहाच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथांत रानटी पक्षी व पाळीव पक्षी यांत भेद केला आहे. रानपाखरू सुटून गेलें कीं मालकी संपली. परंतु कोंबडी व हंसीण हीं स्वभावतः रानटी नव्हत. तीं भिऊन दृष्टीआड उडून गेलीं तरी धन्याचींच राहतात, आणि लाभाच्या हेतूनें तीं ठेवून घेणारा चोर होतो. कौटिल्यानें जें दंडानें सांगितलें, तेंच रोमन पंडितांनीं व्याख्येनें सांगितलें.

५

मालकी ठरली म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांतील आठव्या अध्यायांत घरबांधणीचे नियम आहेत. पाण्याचा पाट किंवा पन्हळ शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पद वा दीड अरत्नि सोडून करावी, न केल्यास चौपन्न पण दंड. गाडीची व चतुष्पादांची जागा, अग्निस्थान, रांजणाची जागा, जातें किंवा उखळ हीं एक पद वा एक अरत्नि सोडून असावीं, नपेक्षां चोवीस पण दंड. सांडपाणी, धूर, शेण व दळणकांडणाचा आवाज यांपासून शेजाऱ्याचें रक्षण करणारा हा नियम आहे. परंतु शब्द ‘चतुष्पद’ आहे. कोंबडीचें खुराडें दोन पायांच्या जोरावर या अंतरनियमाच्या अक्षरांतून निसटतें.

मनूच्या आठव्या अध्यायांतील कुंपणाची गोष्ट अशीच. शेताचें कुंपण उंटास पलीकडे दिसणार नाहीं इतकें उंच असावें, आणि कुत्र्याडुकराचें तोंड शिरेल असें प्रत्येक भोंक बुजवावें. उंट, कुत्रा व डुक्कर तिघांचा बंदोबस्त झाला. पंखवाल्याचा झाला नाहीं. आणि हा धागा थेट इंग्रजी अमदानींतील कायद्यापर्यंत पोंचतो. कोंडवाड्यांचा कायदा म्हणून खेडोपाडीं माहीत असलेल्या १८७१ च्या कायद्यांत ‘गुरें’ या शब्दाची व्याख्या मोठी ऐसपैस आहे. तींत हत्ती व उंटापासून डुक्कर, मेंढी व करडापर्यंत सर्व आलीं. पण कोंबडी आली नाहीं. दुसऱ्याची वांगीं उकरणारी कोंबडी कोंडवाड्यांत घालतां येत नसे. तो तंटा घरच्या घरीं, ओट्यावर किंवा चावडींत मिटवावा लागे.

मराठी राज्यकारभारांत परसाविषयींची आज्ञा पाहावयाची तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे वळावें. इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाच्या दुर्गप्रकरणांत, गडावरील वाटांवर व बाजारांत केरकचरा पडूं देऊं नये, तो गडाखालीं न टाकतां जागोजाग जाळावा, आणि ती राख परसांत घालून घरोघरीं भाजीपाला करावा, असें सांगितलें आहे. परस ही घरधन्याची खाजगी जागा असली तरी तिचा उपयोग व स्वच्छता हा राज्याच्या काळजीचा विषय आहे, हें तत्त्व येथें नि:संदिग्धपणें आलें आहे. ज्या उकिरड्यापायीं धर्मसूत्रांनीं कोंबडीस दोष दिला, त्या उकिरड्यावरच अमात्यांनीं उपाय योजला, ही त्यांच्या व्यवहारदृष्टीची खूण होय.

६

कोंबडा पाळण्याचा एक हेतु झुंज हा होता. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत लावे, कोंबडे व मेंढे यांच्या झुंजींचा विधि घातला आहे. दशकुमारचरितांत प्रमतीच्या कथेंत व्यापाऱ्यांच्या मेळाव्यांत नारिकेल व बलाका या दोन जातींच्या कोंबड्यांची झुंज आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या मानसोल्लासांतही कुक्कुटयुद्ध हा राजविनोद म्हणून वर्णिला आहे. पैज लावून केलेल्या अशा प्राण्यांच्या झुंजीस स्मृतिकार ‘समाह्वय’ म्हणतात. मनु तो राज्यांतून उखडून टाकण्यास सांगतो. कौटिल्य व याज्ञवल्क्य त्यास राजाच्या देखरेखीखालीं चालू देतात. स्वतंत्र भारतांत १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें प्राण्यांस झुंजविणें अपराध ठरविलें, म्हणजे निकाल अखेर मनूच्या बाजूनें लागला. तथापि निषेध झुंजीचा आहे. कोंबडा पाळण्याचा तेथेंही नाहीं.

७

आधुनिक कायद्याचा आढावा थोडक्यांत घेऊं. १८६० च्या दंडसंग्रहांत प्राणी मारून नुकसान करण्याच्या अपराधास दहा रुपये किंमतीची पायरी होती. एक कोंबडी या पायरीवर चढण्यास कित्येक दशकें लागलीं असतील. ही मूल्यमर्यादा १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत काढून टाकण्यांत आली. किंमतीवरून अपराध मापण्याची जी रीत अर्थशास्त्रांतही दिसते, ती येथें सुटली.

मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यांत डुक्कर पाळण्यास आयुक्तांची लेखी परवानगी लागते. इतर प्राण्यांबाबत मात्र कसोटी आहे ती उपद्रवाची व धोक्याची. म्हणजे पाळणें हा दोष नव्हे, शेजाऱ्यास उपद्रव होईल असें पाळणें हा दोष. इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धांत अंड्यांची टंचाई पडल्यावर लोकांनीं परसांत कोंबड्या पाळाव्या म्हणून उत्तेजन देण्यांत आलें. आणि १९५० च्या एका कायद्यानें, भाडेपट्ट्यांत कांहींही अट असली तरी, धंद्यासाठीं नव्हे तर घरापुरत्या कोंबड्या व ससे पाळण्याचा हक्क जागेच्या भोगवटादारास दिला. त्यासही अट एकच: आरोग्यास अपाय किंवा शेजाऱ्यास उपद्रव होतां कामा नये. घरमालकाच्या नापसंतीपेक्षां कुटुंबाच्या अन्नाचा हक्क वरचढ मानणारा हा कायदा, आरंभीं उल्लेखिलेल्या आपल्याकडील घरनकाराच्या पार्श्वभूमीवर विचार करण्याजोगा आहे.

परसांतील कोंबडीवर राजसत्तेचा सर्वांत कठोर हात पडला तो रोगाच्या निमित्तानें. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील पहिली पक्षिज्वराची सांथ उघडकीस आली, आणि मोठ्या कुक्कुटशाळांबरोबर त्या टापूंतील घरोघरच्या कोंबड्याही मारण्यांत आल्या. नुकसानभरपाई देण्यांत आली. परंतु जिच्या अंड्यांवर आदिवासी घरांतील मीठमिरची चालते, ती कोंबडी आणि कुक्कुटशाळेंतील हजारांपैकीं एक कोंबडी, यांचें मोल एकाच मापानें कसें मोजावें, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. अरण्यचरांचा अर्धा दंड सांगणाऱ्या जुन्या वाक्याचे दोन अर्थ येथें पुनः आठवतात. २००९ मध्यें प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयींचा केंद्रीय कायदा होऊन असल्या कारवाईस सबंध देशासाठीं एक चौकट मिळाली.

आणखी एक उलटापालट नोंदण्यासारखी आहे. स्मृतिकारांनीं ग्रामकुक्कुट वर्ज्य करून रानकोंबडा मोकळा ठेवला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सह्याद्रींतील रानकोंबड्यास संरक्षण दिलें. आतां गांवठी कोंबडी मोकळी आणि रानकोंबडा निषिद्ध. ‘ग्राम’ या एका विशेषणाची सत्ता दोन हजार वर्षांनीं टिकली, पण तिची दिशा फिरली.

८

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. धर्मग्रंथांतील निषेध द्विजाच्या ताटापुरता व श्राद्धाच्या पंक्तीपुरता आहे. पालनास बंदी म्हणावी असें वचन वर तपासलेल्या स्थलांपैकीं एकांतही नाहीं. उलट अर्थशास्त्र कोंबडीस मालमत्ता मानून तिचें रक्षण करतें, आणि अशोक तिच्या पालनाची रीत सुधारतो. चतुष्पाद गुरांसाठीं केलेल्या नियमांतून ती पूर्वींही निसटली व १८७१ सालींही निसटली. म्हणून तिचा न्याय बहुतेक शेजाऱ्याशेजाऱ्यांतच होत आला. ज्यास आपल्या आळींत कोंबडी नको असेल, त्यानें दुर्गंधीचें किंवा अवेळीं आरवण्याचें कारण अवश्य पुढें करावें. तें कारण कायद्यास मान्य आहे. परंतु त्यासाठीं मनूस किंवा याज्ञवल्क्यास साक्षीस बोलावूं नये.

कागदपत्रांच्या संग्राहकांस एक विनंती करून लेख पुरा करितों. रुमाल सोडतांना सनदा व निवाडपत्रें काळजीनें बाजूस काढलीं जातात, आणि गांवच्या किरकोळ कटकटींचे, हक्कलाजिम्याच्या तपशिलाचे, परड्याच्या हद्दीचे चिटोरे पुनः गुंडाळून ठेविले जातात. शेजाराचा इतिहास त्या चिटोऱ्यांत आहे. त्यांत कोठें कोंबडी, खुराडें किंवा परस यांचें नांव दिसल्यास त्याची नक्कल, तिथीमितीसह, अवश्य करून ठेवावी.